बँकेच्या चुकीने सिबिलवर थकबाकीदार ठरलात? भरपाईबद्दल नागपूरकर कर्जदारांचे नेहमीचे प्रश्न

कर्ज फिटलं, बेबाकी दाखला (नो ड्यूज) फायलीत लावला, आणि दोन वर्षांनी घराच्या कर्जासाठी गेल्यावर कळलं की सिबिलच्या अहवालात आपण अजून थकबाकीदार आहोत. अशा वेळी विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत. एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या: दुरुस्तीला झालेल्या उशिराची भरपाई वेगळी आणि चुकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी. पहिलीचा दर ठरलेला आहे. दुसरी पुराव्यावर मिळते. बहुतेक लोक या दोन्हींची एकच मागणी करतात आणि दोन्हीकडे हात हलवत परत येतात.

नोंद खरंच चुकीची आहे, हे कसं ठरवायचं?

आधी पूर्ण अहवाल काढा. मोबाइलच्या ॲपवर दिसणारा नुसता स्कोअर इथे कामाचा नाही. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल स्कोअरसह फुकट मिळतो. चारही काढा, कारण चूक कधी एकीकडेच असते, कधी चौघींकडे.

अहवालात त्या कर्जाचा रकाना उघडा आणि चार जागा पाहा: खातं चालू की बंद, चालू शिल्लक, थकीत रक्कम आणि खालची महिनेवार पट्टी. त्या पट्टीत गेल्या ३६ महिन्यांचे 'डीपीडी', म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा आला त्याचे आकडे असतात. ००० म्हणजे उशीर नाही. ०३० म्हणजे तीस दिवस थकलं. 'एक्सएक्सएक्स' असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने दिलीच नाही. ती थकबाकी नव्हे. काही बँका आकड्यांऐवजी 'एसटीडी', 'एसयूबी', 'डीबीटी' अशी अक्षरं देतात. 'एसटीडी' ठीक आहे. 'एसयूबी'पासून पुढे खातं एनपीए, म्हणजे ९० दिवसांच्या पलीकडे थकलेलं.

आता त्या महिन्यांचे बँक स्टेटमेंट शेजारी ठेवा. हप्ता त्याच तारखेला गेला असेल आणि पट्टीत ०३० दिसत असेल, तर चूक. हप्ता खरंच चार दिवस उशिरा गेला असेल तर ती नोंद खरी आहे, आणि खरी नोंद कोणीच पुसून देऊ शकत नाही. तडजोड करून कमी रकमेत मिटवलेलं कर्ज 'सेटल्ड' दिसणं हीसुद्धा चूक नाही.

अशा चुका होतात तरी कशा?

नेहमी सापडणारा प्रकार मुदतपूर्व परतफेडीचा. बँक फोरक्लोजरचं पत्र देते, त्यावरची रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतच बरोबर असते. ग्राहक शेवटच्या दिवशी धनादेश देतो, तो दोन दिवसांनी वटतो, आणि मधल्या दोन दिवसांचं शेदीडशे रुपयांचं व्याज खात्यात उरतं. डीपीडी मोजताना रक्कम लहान की मोठी हे संगणक पाहत नाही. शंभर रुपयेही ९० दिवस पडून राहिले की खातं एनपीए. बँकेने तुम्हाला नो ड्यूज दिला असेल तर ही सरळ बँकेची चूक आहे. दाखला घेतलाच नसेल तर भांडण अवघड जातं.

दुसरं म्हणजे ईसीएस किंवा नॅच, म्हणजे खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता, परत जाणं. खात्यात पैसे असूनही मॅन्डेटवर (हप्ता वळता करायच्या संमतीपत्रावर) खाते क्रमांक किंवा आयएफएससी जुना असतो. २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली (देना आणि विजया बडोद्यात, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये). त्या काळातल्या कर्जांत आणखी एक गुंता असतो: जुन्या बँकेच्या नावाने एक उघडं खातं आणि नव्या बँकेच्या नावाने दुसरं, कर्ज मात्र एकच. तक्रार आज अस्तित्वात असलेल्या बँकेकडेच करायची.

क्रेडिट कार्डांचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण फार कमी लोकांना माहीत असतात. कार्ड चालू होण्याआधी त्याची माहिती पतमाहिती कंपनीला देता येत नाही. थकबाकीची नोंद देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्यावरच करता येते. थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी सात दिवसांची सूचना द्यावी लागते. आणि कार्ड बंद करा म्हणून सांगितल्यावर, बाकी काही नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये कार्ड कंपनीने द्यायचे. न वापरलेल्या कार्डाच्या वार्षिक फीवरून सिबिल बिघडलेलं असेल तर या नियमांवरच तक्रार उभी करा.

याशिवाय सारखं नाव आणि सारखी जन्मतारीख यामुळे दुसऱ्याचं कर्ज आपल्या अहवालात येणं, जामीनदाराला कल्पना न देता थकीत दाखवणं, आणि आपल्या पॅनवर भलत्यानेच ॲपवरून कर्ज उचलणं. शेवटच्या प्रकारात आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, सायबर पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत घेऊन मगच बँक.

तक्रार कुठे करायची, बँकेकडे की सिबिलकडे?

दोन्हीकडे, आणि एकाच दिवशी. पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. ती बँकेला विचारते आणि बँक हो म्हणाली तर बदलते. पण कंपनीकडे ऑनलाइन वाद नोंदवला की क्रमांक मिळतो, तारीख पडते, आणि तोवर त्या नोंदीवर 'वादग्रस्त' असा शेरा लागतो. ही सेवा फुकट आहे.

बँकेकडची तक्रार लेखी हवी. सीताबर्डीच्या शाखेत जाऊन साहेबांना भेटलो, ते म्हणाले पाहतो, याला कायद्यात काही किंमत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शाखा शिक्का द्यायला टाळाटाळ करत असेल तर वाद घालू नका. तोच अर्ज बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) ईमेल करा आणि शाखेला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर 'तक्रार निवारण' या पानावर असतोच.

अर्जात नेमकं काय लिहायचं?

एक पान पुरतं. मजकूर साधारण असा:

"विषय: कर्ज खाते क्र. ...... बाबत पतमाहिती कंपन्यांना दिलेली चुकीची माहिती दुरुस्त करणे आणि भरपाई.

वरील खाते दि. ...... रोजी पूर्ण फेडून बंद केले असून आपला बेबाकी दाखला क्र. ...... सोबत जोडला आहे. तरीही दि. ...... च्या अहवालात हे खाते चालू असून रु. ...... थकीत व डीपीडी ...... असे दाखवले आहे. ही माहिती चुकीची आहे. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार ती दुरुस्त करून चारही पतमाहिती कंपन्यांना कळवावी. ३० कॅलेंडर दिवसांत तक्रार न सुटल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या चौकटीप्रमाणे प्रतिदिन रु. १०० भरपाई खालील खात्यात जमा करावी. या चुकीमुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीचा दावा मी राखून ठेवत आहे."

खाली मोबाइल, ईमेल, बँक खाते क्रमांक व आयएफएससी किंवा यूपीआय आयडी. हा तपशील तक्रारदाराने स्वतः बरोबर द्यायचा असतो. चुकीचा दिला तर पैसे न पोचल्याची जबाबदारी बँकेवर येत नाही. मजकुरातलं शेवटचं, दावा राखून ठेवण्याचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर पुढे बँक म्हणते की ग्राहकाने फक्त दुरुस्ती मागितली होती आणि ती आम्ही करून दिली.

सोबत जोडा: अहवालाचं संबंधित पान (वर अहवालाची तारीख आणि नियंत्रण क्रमांक दिसला पाहिजे), दाखला, स्टेटमेंट, पॅनची प्रत. मूळ कागद कधीच देऊ नका.

रोजचे १०० रुपये कधीपासून मोजतात?

पहिली तक्रार दाखल झाल्यापासून ३० कॅलेंडर दिवस संपले की. सुट्ट्या आणि रविवार धरून. ही चौकट २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उदाहरण घ्या. तक्रार ३ जूनला दिली. तिसावा दिवस ३ जुलै. नोंद १८ जुलैला दुरुस्त झाली. उशीर १५ दिवसांचा, भरपाई १,५०० रुपये. तक्रार सुटल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम खात्यात आली पाहिजे, वेगळा अर्ज न करता. प्रत्यक्षात मात्र आठवण द्यावी लागते असं धरून चाला.

बँका इथे एक युक्ती करतात. पहिल्या तक्रारीला 'कागद अपुरे' म्हणून बंद करतात आणि नव्याने तक्रार द्यायला लावतात, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून कागद मागितले तर त्याच तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून उत्तर द्या. नवी तक्रार उघडू नका.

हे पैसे बँक देते की पतमाहिती कंपनी?

बँकेला (किंवा एनबीएफसीला, म्हणजे बिगरबँक वित्त कंपनीला) दुरुस्त माहिती पाठवायला २१ दिवस मिळतात. वरच्याच उदाहरणात बँकेने २४ जूनपर्यंत माहिती पाठवली नाही, तर भरपाई बँकेची. तिने २० जूनला पाठवली आणि कंपनीने तरी १८ जुलैलाच बदल केला, तर भरपाई कंपनीची. दोन-तीन बँकांच्या चुका एकाच तक्रारीत असतील तर रोजच्या शंभर रुपयांची विभागणी त्यांच्यात होते. प्रत्येकीकडून शंभर मिळत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या बँकांसाठी वेगवेगळे अर्ज द्यावेत.

शंभर रुपये कशात मिळत नाहीत?

स्कोअर कसा काढला यावरच्या तक्रारीत. कर्ज नाकारणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असेल तेव्हा. आणि तोच वाद आधीपासून न्यायालयात, ग्राहक आयोगात किंवा दुसऱ्या मंचापुढे चालू असेल किंवा निकाली निघाला असेल तेव्हा. बँक तीस दिवसांच्या आत दुरुस्ती करते तेव्हाही काही मिळत नाही, मग आधीची तीन वर्षं नोंद चुकीची का असेना. त्या तीन वर्षांसाठी दुसरी वाट आहे.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा उत्तरच दिलं नाही. आता?

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून आहे आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आहेत. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत फाइल घेऊन जाण्याची गरज नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन भरायची, किंवा कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्रीय स्वीकृती कक्षाला पाठवायची. पत्ता पोर्टलवरच आहे. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक. फी नाही, आणि वकिलामार्फत तक्रार चालत नाही; तुम्ही स्वतः किंवा वकील नसलेला अधिकृत प्रतिनिधी.

अट एकच, पण बरेच लोक तिथेच अडखळतात: आधी त्याच बँकेकडे लेखी तक्रार झालेली हवी आणि तिला ३० दिवस झालेले हवेत, किंवा बँकेने नकार दिलेला हवा. एकोणतिसाव्या दिवशी भरलेली तक्रार परत येते. शाखेला तक्रार केली आणि पोर्टलवर पतमाहिती कंपनीचं नाव निवडलं, तरी परत येते. ज्याच्या विरुद्ध लोकपालाकडे जाता, त्याच्याकडे आधी गेलेलं असलं पाहिजे.

२०२१ च्या योजनेत बँकेच्या चुकीने झालेल्या नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्तापासाठी वेगळे १ लाखापर्यंत देण्याचा अधिकार लोकपालाला दिला होता. योजनेत वेळोवेळी बदल होतात, म्हणून भरताना पोर्टलवरची चालू मर्यादा आणि मुदत पाहून घ्या. पण ही कमाल मर्यादा आहे, दर नव्हे. नुसतं 'मानसिक त्रास झाला' लिहिलं तर बहुतेकदा दुरुस्तीवरच बोळवण होते. 'मागितलेली सवलत' या रकान्यात तीन आकडे सुटे लिहा: उशिराची भरपाई इतकी, व्याजातला फरक इतका, खर्च व त्रास इतका. प्रत्येक आकड्यापुढे जोडपत्राचा क्रमांक.

निवाडा तुमच्या बाजूने लागला तर तो मान्य असल्याचं ३० दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर तो रद्द होतो. हे पत्र विसरू नका.

नुकसान सिद्ध कसं करायचं?

सगळं प्रकरण इथे जिंकलं किंवा हरलं जातं. 'माझं सिबिल खराब झालं' हे नुकसान नाही. त्या सिबिलमुळे काय गेलं, ते नुकसान.

कर्ज नाकारलं असेल तर नाकारणाऱ्या बँकेकडून लेखी पत्र घ्या, ज्यात कारण म्हणून पतमाहिती अहवाल लिहिलेला असेल. अहवालावरून अर्ज फेटाळला तर कारणं आणि अहवालाची प्रत मागायचा अर्जदाराला हक्क आहे. सेल्स एजंटचा 'सर, सिबिल इश्यू आहे' हा व्हॉट्सॲप मेसेज नसल्यापेक्षा बरा, पण पत्राच्या तोडीचा नाही.

महाग कर्ज घ्यावं लागलं असेल तर हिशेब मांडता येतो. समजा वर्धा रोडवरच्या फ्लॅटसाठी २५ लाखांचं, २० वर्षांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २१,७००, साडेनऊ टक्क्यांनी सुमारे २३,३००. महिन्याला १,६०० चा फरक, पूर्ण मुदतीत सुमारे ३ लाख ८५ हजार. पण पूर्ण रक्कम मागू नका, कारण समोरचा वकील लगेच विचारेल की नोंद दुरुस्त झाल्यावर कर्ज दुसऱ्या बँकेत का नेलं नाही. चुकीची नोंद होती तेवढ्या महिन्यांचा फरक, अधिक कर्ज हलवायचा खर्च (प्रक्रिया शुल्क, गहाणखताचं मुद्रांक शुल्क), एवढी मागणी टिकते. आणि एक टक्का जास्त लागला तो याच नोंदीमुळे, हे दाखवायला बँकेचा स्कोअरनुसार व्याजदरांचा तक्ता जोडा. अनेक बँकांच्या संकेतस्थळांवर तो असतो.

बिल्डरकडे भरलेली इसाऱ्याची रक्कम कर्ज न झाल्यामुळे जप्त झाली असेल तर करारनामा, पावती आणि जप्तीचं पत्र, तिन्ही हवीत. यातलं तिसरं बहुतेकांकडे नसतं.

सरकारी बँकांच्या भरतीतही नेमणुकीच्या वेळी पतअहवाल पाहिला जातो. नियुक्ती अडकली असेल तर त्या बँकेचं पत्र हा फार मजबूत पुरावा आहे.

लोकपालाकडे जाऊ की ग्राहक आयोगात?

एकाच वादासाठी दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. ठरवताना इतकं पाहा: कागद स्पष्ट असतील, म्हणजे दाखला एका हातात आणि चुकीचा अहवाल दुसऱ्या हातात, तर लोकपाल बरा. साक्ष, उलटतपासणी लागेल असं प्रकरण असेल (सही बनावट आहे, जामीन दिलाच नव्हता) तर लोकपाल ते हाताळत नाही. आयोग किंवा दिवाणी न्यायालय.

नागपूरला जिल्हा ग्राहक आयोग आणि राज्य आयोगाचं खंडपीठ दोन्ही सिव्हिल लाइन्समध्ये आहेत. कर्ज मुंबईच्या शाखेचं असलं तरी तुम्ही नागपुरात राहत किंवा काम करत असाल तर इथेच तक्रार दाखल करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही सोय दिली आहे. सेवेसाठी मोजलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. मर्यादा मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. ईमेल, ॲपचे स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेला अहवाल हे इलेक्ट्रॉनिक पुरावे आहेत. त्यांच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. बँकेला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची अपेक्षा लिहिली आहे. तारखा पाहिलेल्या कोणाही माणसाला तिचा अर्थ समजावून सांगायला नको.

मुदत दोन वर्षांची. ती कधी सुरू झाली यावर बँका हटकून भांडतात: ग्राहक म्हणतो मला आत्ता कळलं, बँक म्हणते नोंद २०२१ ची आहे. म्हणून पहिल्यांदा अहवाल कधी काढला, त्याची तारीख असलेली प्रत जपा. आणि लोकपालाकडे प्रकरण चालू आहे म्हणून ही दोन वर्षं थांबतील असं गृहीत धरू नका.

माझं कर्ज धंद्यासाठी होतं. मी ग्राहक ठरतो का?

इतवारीतल्या व्यापाऱ्यांनी आणि हिंगणा एमआयडीसीतल्या कारखानदारांनी हे उत्तर नीट वाचावं. २८ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध ॲड ब्युरो ॲडव्हर्टायझिंग या प्रकरणात निकाल दिला. कर्जदार कंपनीची तक्रार अशी की, तडजोडीने कर्ज मिटवूनही बँकेने सिबिलला थकबाकीदार म्हणून कळवलं. राष्ट्रीय आयोगाने ७५ लाखांची भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण कर्ज नफा कमावण्याच्या कामासाठी घेतलेलं होतं आणि म्हणून कंपनी 'ग्राहक' ठरत नव्हती. बँक बरोबर होती असं न्यायालयाने म्हटलं नाही. दार चुकलं होतं.

स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून चालवलेल्या धंद्याला कायद्यात सूट आहे. एक रिक्षा, एक शिलाई केंद्र, एक झेरॉक्सचं दुकान यात बसू शकतं, पण तक्रारीत तसं स्पष्ट लिहावं लागतं. तीन गोदामं आणि बारा नोकर असतील तर आयोगाच्या वाटेला जाऊ नका. लोकपाल किंवा दिवाणी दावा.

नोंद दुरुस्त झाली होती, महिन्याभरात पुन्हा तीच आली. असं कसं?

कारण दुरुस्ती पतमाहिती कंपनीच्या फायलीत झाली, बँकेच्या स्वतःच्या संगणकात नाही. जानेवारी २०२५ पासून बँका निदान पंधरवड्यातून एकदा आपली माहिती कंपन्यांना पाठवतात. बँकेच्या मूळ नोंदीत खातं थकीतच असेल तर पुढची फाइल दुरुस्त नोंदीवर पुन्हा तीच चूक चढवते. म्हणून बँकेकडून लेखी मागा की 'कोअर बँकिंग प्रणालीत खाते अमुक तारखेला शून्य शिल्लक दाखवून बंद केले आहे'. दुरुस्तीनंतर तीन-चार आठवड्यांनी अहवाल पुन्हा तपासा. नोंद परत आली असेल तर जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन 'तक्रार सुटलेली नाही' असं कळवा.

काटोल-नरखेडकडच्या शेतकऱ्यांचं पीककर्ज माफ झालं, तरी थकीत दिसतं. ही चूक कोणाची?

माफीच्या यादीत नाव असणं आणि पैसे कर्जखात्यात जमा होणं या दोन गोष्टी आहेत. खात्याचा उतारा काढा. शासनाची रक्कम जमा होऊन शिल्लक शून्य झालेली असेल आणि तरी अहवालात थकबाकी असेल, तर बँकेची चूक, आणि वरचं सगळं लागू. रक्कम जमाच झालेली नसेल किंवा माफीच्या मर्यादेवरची बाकी उरली असेल, तर आधी तो प्रश्न बँक आणि सहकार विभागाकडे सोडवावा लागेल. माफीपूर्वीचे थकीत महिने मात्र पट्टीत दिसणारच. ते खरे आहेत.

कर्ज सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं असेल तर?

५० कोटींवर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका लोकपालाच्या कक्षेत येतात, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत. तिथे सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय. गृहवित्त कंपन्यांच्या तक्रारी नॅशनल हाउसिंग बँकेकडे जातात.

'सात दिवसांत सिबिल क्लीन' अशा जाहिराती दिसतात. त्यांचा उपयोग होतो?

ते करतात एवढंच की तुमच्या नावाने तोच फुकटचा ऑनलाइन वाद नोंदवतात, आणि त्यासाठी पॅन, ओटीपी आणि काही हजार रुपये घेतात. खरी नोंद पुसायची ताकद कोणत्याच एजंटात नाही. ओटीपी दिल्यामुळे नवं कर्ज नावावर चढण्याचा धोका वेगळाच.

नोंद दुरुस्त झाली, पण स्कोअर लगेच वाढला नाही. पुन्हा तक्रार करू?

नाही. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि त्यात इतर कर्जं, कार्डांचा वापर, अलीकडच्या चौकश्या सगळं धरतात. तक्रार नोंदीवर करता येते, स्कोअरवर नाही. नोंद बरोबर दिसत असेल तर दुरुस्तीचं पत्र, जुना अहवाल आणि नवा अहवाल एकत्र जोडून कर्जाच्या नव्या अर्जासोबत द्या; शाखा व्यवस्थापकाला हे तीन कागद स्कोअरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतात.

कर्ज फिटल्यावर घराचे कागदही बँकेने अडवले आहेत. त्याचीही भरपाई मिळते का?

मिळते, आणि तिचा दर मोठा आहे. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ मालमत्तेची कागदपत्रं परत करून बोजा उतरवला पाहिजे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. याची मागणी वेगळ्या अर्जात करा, सिबिलच्या अर्जात मिसळू नका, कारण दोन्हींचे दिवस वेगळ्या तारखांपासून मोजले जातात.